बाहुलीची मुखत्यारी

लहान मुलाशी बोलण्याचा प्रसंग आला म्हणजे एरवी वाक्चतुर असणाऱ्या माणसांचीही वाचा कशी आखडते, हे बालवाडीच्या उंबऱ्यावर उभे राहून मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. कचेरीत मामलेदारासमोर आपली कैफियत बिनदिक्कत मांडणारे गृहस्थ, भरल्या सभेत तासभर अस्खलित बोलणाऱ्या विदुषी, यांच्यापुढे तीन वर्षांचे एखादे मूल आईच्या पदराआडून टक लावून उभे राहिले की नाव काय आणि आई जास्त आवडते की बाबा, या दोन प्रश्नांपलीकडे त्यांची मजल जात नाही. आणि मूल जेव्हा या दोहोंपैकी एकाचेही उत्तर न देता पदर अधिकच घट्ट धरते, तेव्हा ‘लाजाळू आहे’ असा शेरा मारून ती मोकळी होतात. वास्तविक त्या मुलाला लाज वाटत असतेच असे नाही. आपल्याहून दुपटीने उंच, ज्याचा आपल्यावर हुकूम चालतो असे कोणीतरी आपली चौकशी करीत आहे, त्या चौकशीचे उत्तर त्याला आधीच ठाऊक आहे, आणि तरीही ते आपल्या तोंडून वदवून घेण्यात त्याचा काही हेतू असला पाहिजे, एवढे त्या इवल्या बुद्धीने अचूक ताडलेले असते. हेतू कळेपर्यंत मौन पाळणे हा शहाणपणाच होय.

या अडचणीवर मला गवसलेला, आणि माझ्या कित्येक शतके आधी देशोदेशींच्या बाहुलीकारांना गवसलेला उपाय म्हणजे हातात घालावयाची बाहुली. महाराष्ट्राला बाहुली म्हटली की प्रथम आठवते ती कळसूत्री. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजातील कलावंतांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली ती कला थोर आहे, आणि तिचे उपासक परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली त्या दिवशी मी ज्याला त्याला ते वर्तमान सांगत सुटले होते. तथापि कळसूत्री बाहुलीचा सारा महिमा अंतरात आहे. नाचविणारा वर, नाचणारी खाली, आणि दोहोंच्या मध्ये दोऱ्या. म्हणूनच आमच्या संतांना ईश्वराचे आणि जीवाचे नाते सांगताना त्या बाहुलीचा दृष्टांत इतका सोयीचा वाटला. हातबाहुलीत हे अंतरच नाहीसे होते. तिच्या कापडाच्या आत जिवंत हात असतो, त्याची ऊब तिच्यात उतरते, आणि त्या हाताला आलेला क्षणभराचा संकोचदेखील तिच्या मानेवर लगेच उमटतो. दोरीच्या बाहुलीला दुरून पाहावे. हातबाहुलीला मूल जवळ येऊन हात लावते.

तिची रचना जगभर जवळजवळ एकच आहे. तर्जनी डोक्यात, अंगठा आणि मधले बोट दोन बाहूंत, आणि मनगट म्हणजे तिची कंबर. केरळात अठराव्या शतकात कथकलीच्या प्रभावाखाली वाढलेल्या पावकथकलीतील बाहुली याच जातीची. डोके आणि हात लाकडात कोरलेले, ते जाड कापडाच्या लहानशा पिशवीला जोडलेले, चेहऱ्यावर रंग, मुलामा दिलेल्या पत्र्याचे बारीक तुकडे आणि मोरपिसे, आणि त्या फूट-दीड फुटाच्या देहात महाभारतातले वीर वावरतात. उत्तर प्रदेशातील गुलाबो आणि सिताबो या दोघी भांडखोर बाया याच कुळातल्या. लंडनच्या कॉव्हेन्ट गार्डनमध्ये १६६२ च्या मे महिन्यात सॅम्युअल पेप्स याने एक इटालियन बाहुलीखेळ पाहून आपल्या रोजनिशीत त्याची नोंद केली; त्यातला बाहुला पुढे इंग्लंडात हातात घालण्याचा झाला आणि पंच या नावाने रस्तोरस्ती गाजला. हे सगळे खेळ मोठ्यांचे, जत्रेतले आणि चव्हाट्यावरचे. मुलाशी एकट्याने, समोरासमोर बसून बोलण्यासाठी बाहुली वापरावयाची तर इतकी शोभा लागत नाही, आणि माझ्या अनुभवाने ती असूही नये.

चित्रकार पॉल क्ले याने आपल्या मुलासाठी, फेलिक्ससाठी, १९१६ ते १९२५ या काळात सुमारे ५० हातबाहुल्या केल्या. पहिल्या काही मुलाच्या नवव्या वाढदिवसाला. त्यांतील ३० आज शिल्लक आहेत. एवढा मोठा कलावंत, पण सामग्री पाहावी तर हाड, प्लास्टर, जुन्या कपड्यांच्या चिंध्या, विजेच्या जोडणीचा निकामी तुकडा आणि आगपेटी. त्यांची छायाचित्रे मी पुनःपुन्हा पाहिली आहेत, आणि प्रत्येक वेळी मला वाटते की त्या बापाने मुलाला खेळणे दिले नाही, घरातल्या केरातून माणसे कशी उभी राहतात ते दाखविले. माझी स्वतःची बाहुली, जिच्याविषयी मला येथे मुख्यतः बोलावयाचे आहे, ती एका विटलेल्या तपकिरी पायमोज्याची होती. टाचेचा भाग म्हणजे कपाळ, पुढचा भाग आत दुमडून केलेले तोंड, दोन असमान बटणांचे डोळे आणि लोकरीचे दोन कान. तो प्राणी कोणता, हे मी ठरविले नव्हते आणि कोणी विचारले तरी सांगितले नाही. रंगावरून मुलांनीच त्याचे नाव भुऱ्या असे ठेवले.

मोज्याच्या बाहुलीला बोलविताना काही पथ्ये पाळावी लागतात, आणि ती लहान दिसली तरी सारे त्यांवरच अवलंबून असते. तोंड उघडताना वरची चार बोटे उचलू नयेत, अंगठा खाली आणावा. नाहीतर प्रत्येक शब्दागणिक डोके मागे उडते आणि डोळे छताकडे जातात. डोळे मुलाकडे राहतील असे मनगट किंचित झुकते ठेवावे. बोलत नसताना बाहुलीने उगाच हलू नये, पण निर्जीवही पडू नये. श्वास घेतल्याइतकी हालचाल पुरे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्याचा हात आत आहे त्या माणसाने स्वतः बाहुलीकडे पाहावे, ती काय म्हणते ते खरोखर ऐकावे. मोठ्या माणसाची दृष्टी जेथे जाते तेथे मुलाची जाते. ओठ न हलविता बोलण्याची विद्या येत नाही म्हणून पुष्कळ शिक्षिका कचरतात. यशवंत पाध्ये यांनी घडविलेला आणि त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी घरोघरी पोचविलेला अर्धवटराव पाहून आपण सर्वजण वाढलो, आणि त्या शब्दभ्रमकलेविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. परंतु ती रंगभूमीची सिद्धी आहे. माझे ओठ मुलांच्या देखत सरळसरळ हलत, आणि मुले माझ्या ओठांकडे ढुंकूनही पाहत नसत.

मुले फसतात म्हणून असे होते, असा मोठ्यांचा समज असतो. तो मला मुलांचा अवमान वाटतो. एकदा थंडीच्या दिवसांत एका मुलाने भुऱ्याच्या तोंडात आपली बोटे घातली, आत माझा हात चाचपून पाहिला, आणि गंभीरपणे निवेदन केले की बाई, तुमचा हात गरम आहे पण भुऱ्याला फार थंडी वाजते, त्याला काहीतरी पांघरा. एकाच वाक्यात दोन्ही सत्ये, आणि एकाने दुसऱ्याला तिळमात्र बाध नाही. डॉनल्ड विनिकॉट हा ब्रिटिश बालवैद्य आणि मनोविश्लेषक. मूल ज्या मऊ वस्तूला जीव लावते, ती त्याने स्वतःच्या मनातून निर्माण केली की बाहेरून त्याला मिळाली, हा प्रश्न त्याला कधी विचारू नये, असे त्याने बजावून ठेवले आहे. मुलाचा आणि आपला तो एक अलिखित करार असतो. बाहुली कोण बोलवितो हे दोघांनाही ठाऊक असते, दोघेही ते उच्चारीत नाहीत, आणि या परस्परांच्या विश्वासावर पुढचे सारे बोलणे उभे राहते.

ते बोलणे कसे सुरू होते हे सांगण्यासाठी मी एका मुलीची हकीकत सांगते. त्या काळी सोलापुरात विणकरांच्या वस्तीला लागून असलेल्या एका बालवाडीत मी काम करीत होते. सोलापूर हे चार भाषांचे गाव. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू एकाच गल्लीत नांदतात, आणि बाजारात माणसे एका वाक्यात दोन-दोन भाषा सहज मिसळतात. पण चार वर्षांच्या मुलाला बाजार ठाऊक नसतो. त्याला घर ठाऊक असते, आणि या मुलीच्या घरी तेलुगू बोलत. ती आल्यापासून दाराजवळ बसे. रडत नसे, कोणाच्या वाटेस जात नसे, खाऊ दिला तर खाई, परंतु तिच्या तोंडून शब्द म्हणून फुटलेला कोणी ऐकला नव्हता, आणि मदतनीस बाईंनी तर ती मुकी असावी असा निकालच देऊन टाकला होता.

एके दिवशी भुऱ्या कोण, यावर वर्गात मोठा वाद माजला. कोणी मुंगूस म्हणाले, कोणी अस्वल, एकाने तर तो वाघ असून धुतल्यामुळे पट्टे गेले असे प्रमेय मांडले. भुऱ्याने सर्वांचे ऐकून घेतले आणि मान खाली घातली. आपण कोण हे आपल्यालाच माहीत नाही, याचे त्याला वाईट वाटले. त्या क्षणी ती मुलगी उठली, सगळ्यांच्या मधून वाट काढीत पुढे आली, भुऱ्याचा लोकरी कान चिमटीत धरला आणि त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन म्हणाली, ‘पिल्लि.’ मांजर. भुऱ्याने मान वर केली आणि तो शब्द म्हणून पाहिला, पण आज्ञाधारक विद्यार्थ्याप्रमाणे नव्हे. त्याने तो चुकविला. ‘बल्लि?’ असे त्याने विचारताच घरी तेलुगू बोलणारी जेवढी मुले वर्गात होती तेवढी सारी खदखदून हसली, कारण बल्लि म्हणजे पाल, हे मला मागाहून कळले. ती मुलगीही हसली. तिने त्याला पुन्हा सांगितले, त्याने पुन्हा चूक केली, तिने त्याचा कान जरा ओढला, आणि मग पाण्याला काय म्हणतात, भाताला काय म्हणतात, हे एकामागून एक शिकविण्याचा जो धडाका तिने लावला, तो मधली सुट्टी संपली तरी थांबला नाही. तिचा विद्यार्थी मंदबुद्धीचा होता आणि त्याला रोज उजळणी लागे. त्या उजळणीच्या ओघात, काय चुकले ते मला समजावून सांगण्यासाठी, ती मराठीही बोलू लागली.

मी या प्रसंगाचा पुष्कळ विचार केला आहे. तोपर्यंत तिच्याशी बोलण्याचा प्रयत्न आम्ही सर्वांनी केला होता, तोही प्रेमाने. तरी प्रत्येकाचे बोलणे वरून खाली येत होते. आमच्याजवळ भाषा होती, तिच्याजवळ ती नव्हती, आणि आम्ही ती तिला देऊ करीत होतो. भुऱ्याजवळ काहीच नव्हते. त्याला स्वतःची जात माहीत नव्हती, शब्द धड उच्चारता येत नव्हता, आणि मला ‘तुम्ही’ म्हणणारी मुले त्याला पहिल्या भेटीपासून ‘तू’ म्हणत होती. हातबाहुलीचे सामर्थ्य मी यात पाहते: ती मुलाहून लहान असते, मुलाहून अज्ञानी असते, आणि म्हणून मुलाला तिच्यापुढे मोठे होता येते. जन्मापासून ज्याला सर्वांनी केवळ सांगितलेलेच आहे, त्याला एकदाचे कोणीतरी सांगण्याजोगे भेटते. मुलाच्या वतीने बाजू मांडणारी ती मुखत्यार आहे असे मी मानते, पण मुखत्यारनामा मुलाने लिहून द्यावयाचा असतो. मोठ्या माणसाने परस्पर तिची नेमणूक करून चालत नाही.

याला शास्त्राचाही दाखला आहे, आणि तो मला अतिशय उद्बोधक वाटतो. झाँ पियाजे या विख्यात स्विस मानसशास्त्रज्ञाचा एक प्रयोग असा, की मुलापुढे सारख्याच सोंगट्यांच्या दोन समान रांगा मांडावयाच्या, दोन्हींत सारख्याच आहेत हे त्याच्याकडून कबूल करून घ्यावयाचे, मग एक रांग लांबवावयाची आणि तोच प्रश्न पुन्हा विचारावयाचा. चार-सहा वर्षांची बहुतेक मुले लांब रांगेत सोंगट्या अधिक असे सांगत, आणि त्यावरून या वयात संख्येची स्थिरता कळत नाही असा निष्कर्ष निघे. १९७४ साली जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी एवढाच फरक केला, की रांग प्रयोग करणाऱ्याने न लांबविता एका खट्याळ कापडी अस्वलाने येऊन विसकटली. हात अर्थातच प्रयोग करणाऱ्याचाच होता. परंतु आता कितीतरी अधिक मुलांनी अचूक उत्तर दिले. सोंगट्या तेवढ्याच, अस्वलाने नुसता गोंधळ घातला. पहिल्या वेळी मुलाने सोंगट्या मोजल्या नव्हत्या, त्याने मोठ्या माणसाचे मन मोजले होते. साहेबांनी मुद्दाम हात लावला, वर तोच सवाल दुसऱ्यांदा केला, म्हणजे उत्तर बदलावे अशी त्यांची इच्छा दिसते, असा त्याचा तर्क असावा, आणि मला तरी तो तर्क सर्वस्वी सयुक्तिक वाटतो. अस्वलाच्या मागे असा कोणताही गूढ हेतू नसतो. अस्वल व्रात्य असते, बस.

याच सूत्रावर कॅलिफोर्नियातील बर्कलीच्या संशोधकांनी पुढे मुलाखतीची एक पद्धत बसविली. साडेचार ते साडेसात वर्षांच्या मुलापुढे इगी आणि झिगी नावाचे दोन अगदी सारखे कुत्रे, दोन हातांत दोन. एक म्हणतो, मला पुष्कळ मित्र आहेत. दुसरा म्हणतो, मला फारसे मित्र नाहीत. आणि मग दोघेही मुलाकडे वळून विचारतात, तुझे कसे आहे? दोन्ही कुत्रे गोड, दोघांपैकी कोणी शहाणा नाही की वाईट नाही. यातली नाजूक योजना माझ्या मनात भरली. मूल जे सांगायला भिते ते आधीच कोणीतरी निःसंकोचपणे सांगून टाकले आहे, आणि त्यामुळे जगाचे काही बिघडले नाही, हे त्याच्या डोळ्यांदेखत घडते. मग त्याला एकाच्या शेजारी जाऊन उभे राहणे तेवढे उरते.

पण या साऱ्याहून ज्या एका प्रसंगाचा माझ्यावर सर्वाधिक परिणाम झाला तो अमेरिकेतला आहे. पिट्सबर्गच्या दूरचित्रवाणी केंद्रात १९५४ साली ‘चिल्ड्रन्स कॉर्नर’ हा कार्यक्रम सुरू होण्याच्या आदल्या रात्री केंद्राच्या व्यवस्थापक डोरोथी डॅनियल यांनी फ्रेड रॉजर्स या तरुण सहकाऱ्याला पट्ट्यापट्ट्यांचा एक लहानसा हातात घालण्याचा वाघ भेट दिला. त्यांच्याच नावावरून त्याचे नाव डॅनियल पडले. वाघ खरा, पण भित्रा. एका घड्याळात राहणारा, हळू आवाजात बोलणारा, पुढे येताना दहादा विचार करणारा. पुढे रॉजर्स यांच्या स्वतःच्या नावाने चाललेल्या कार्यक्रमातही तो त्यांच्या हातात राहिला. १९६८ च्या जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांचा खून झाला. घराघरांतील पडद्यांवर ते दृश्य आणि ते शब्द अहोरात्र येत होते, मोठी माणसे सुन्न झाली होती, आणि जमिनीवर बसून खेळणाऱ्या मुलांच्या कानांवर काय पडते आहे याचा विचार करायला कोणाला सवड नव्हती. रॉजर्स यांनी घाईने एक विशेष कार्यक्रम तयार केला, तो ७ जूनला प्रसृत झाला. त्यात डॅनियल कार्यक्रमातल्या लेडी ॲबर्लिन या बाईंना एक फुगा फुगवायला सांगतो, मग त्यातली हवा सोडायला सांगतो, ती हवा कोठे गेली, माणसाच्या आतली हवाही अशी निघून गेली तर काय, असे विचारतो, आणि या वळणाने हळूहळू येत शेवटी, त्या रात्री देशभर उच्चारल्या जात असलेल्या त्या एका शब्दाचा, हत्येचा, अर्थ विचारतो.

तो प्रश्न विचारणे कोणाला शक्य होते? मुलाजवळ शब्द नव्हता. बापाजवळ शब्द होता, पण धीर नव्हता. निवेदकाने विचारला असता तर तो पाठ झाला असता. तो एका फिकट पडलेल्या कापडी वाघानेच विचारावा लागला, आणि विचारताना तो फुग्यापासून निघाला, कारण भीतीपर्यंत मूल असेच, आडवाटेने, हातातल्या वस्तूचे बोट धरून पोचते. समोरच्या बाईंनी त्याला काय सांगितले हे मी येथे लिहीत नाही. त्यांनी त्याला थांबविले नाही, विषय बदलला नाही, हे मला पुरेसे आहे.

रुग्णालयांतही या गोष्टीचा उपयोग फार पूर्वीपासून होत आला आहे. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात लॉरेटा बेंडर आणि ॲडॉल्फ वोल्टमन यांनी अस्वस्थ मुलांपुढे बाहुल्यांचे खेळ केले आणि १९३६ साली त्यावर लेख लिहिला. कॅस्पर नावाचा मुलगा, मगर, चेटकीण असा सरंजाम. खेळ मध्येच थांबवून मुलांना विचारीत, आता कॅस्परने काय करावे? मुले जे ओरडून सांगत त्यातून त्यांच्या घरांचा नकाशा डॉक्टरांपुढे उलगडे. आपल्याकडेही एखादी समजूतदार परिचारिका सुई आधी बाहुलीला टोचून दाखविते तेव्हा ती हेच करते, आणि बाहुली त्या वेळी ‘दुखले’ असे म्हणाली पाहिजे. दुखले नाही असे म्हणणाऱ्या बाहुलीवर मूल पुन्हा विश्वास ठेवीत नाही, आणि ते योग्यच आहे.

येथे मला काहीशा कळकळीने तक्रार करावयाची आहे. आमच्या बालवाड्यांतून आणि शाळांतून जेव्हा जेव्हा बाहुली पुढे येते तेव्हा तिच्या हातात दात घासण्याचा ब्रश असतो. ती येते आणि सांगते: हात धुवा, पालेभाजी खा, खोटे बोलू नका. सगळे खरे, सगळे हिताचे. पण तेच बाई दिवसभर सांगत असतात, आता बाईंनी एक मोजा चढवून तेच सांगितले इतकेच. मुले ऐकतात, टाळ्या वाजवितात, आणि एक मित्र होऊ शकला असता तो आणखी एक मास्तर झाला, हे निमूटपणे स्वीकारतात. बाहुलीला उपदेशाच्या कामावर जुंपणे ही मला तिची हानी वाटते. हात धुण्याचेच सांगावयाचे असेल तर बाहुलीला ते येत नसावे. चिखलाच्या तोंडाने ती खायला बसावी, आणि बाकीचे काम मुलांवर सोपवावे.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे बाहुलीकरवी जबानी घेणे. मूल बाहुलीशी मोकळेपणी बोलते हे लक्षात आले की मोठ्यांना मोह होतो: काच कोणी फोडली, बाबा घरी काय म्हणाले, आईला कोण भेटायला येते. हा मोह निर्धाराने टाळला पाहिजे. खेळातले बोलणे हे अर्धे कल्पनेतले असते, त्याचा पंचनामा होऊ शकत नाही. आणि मूल खरोखर संकटात आहे अशी शंका आली तर ते काम त्या विषयातल्या जाणकारांकडे द्यावे, मोज्याकडे नव्हे. भुऱ्याच्या कानात मुलांनी पुष्कळ काही सांगितले. त्यातले जे त्याने मला सांगावे असे त्यांना वाटे, ते ती मोठ्याने बोलत. उरलेले मला ऐकू आले तरी मी ऐकले नाही असेच वागले. अपवाद एकच, मुलाच्या जिवाशी गाठ असेल तर. तेथे कोणताही करार मी मानीत नाही.

कानात बोलण्याची ही रीत मी राजस्थानातल्या कठपुतळीवाल्यांकडून घेतली. त्यांची बाहुली माणसाच्या आवाजात बोलत नाही. सूत्रधार दातांत बांबूची लहानशी बोली धरून शीळ वाजवितो, आणि ढोलक घेऊन बाजूला बसलेली व्यक्ती तिचा अर्थ प्रेक्षकांना सांगते. माझा भुऱ्याही बहुधा माझ्या कानातच कुजबुजे आणि मी ते मुलांना सांगे. ज्या मुलाला मोठ्याने बोलवत नाही त्याला हा प्रकार फार सोयीचा पडतो, कारण मग तेही त्याच्या कानात कुजबुजते, आणि दोन दबलेल्या आवाजांच्या मध्ये मी नुसती दुभाषी होते. ज्यांना रंगभूमीचा आवाज लावता येत नाही अशा सेविकांनी ही युक्ती जरूर करून पाहावी.

खर्चाची सबब यात चालणार नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर शिंपले, बिया, खडे आणि गवत यांतून बालशिक्षणाची साधने उभी केली, आणि ताराबाईंनी जी अंगणवाडी मुलांच्या अंगणातच नेऊन बसविली तीच पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून देशभर पसरली. त्या परंपरेत एका जुन्या मोज्याची भर पडणे कठीण नाही. दिल्लीच्या सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राने शिक्षकांना बाहुलीकाम शिकविण्याचा परिपाठ ठेवला आहे. पण तेथवर ज्यांना जाता येत नाही त्यांच्या घरात आजी असतेच, आणि रुमालाला गाठी मारून तळहातावर उडी मारणारा उंदीर करणे तिला येत असते. दिवे गेल्यावर भिंतीवर बोटांचा ससा आणि हरीण उभे करणारे मामाही आहेत. एवढेच की उंदीर उडाल्यावर मूल हसते तेथे आपण थांबतो; त्या उंदराला मुलाशी दोन शब्द बोलायचे असतात, ते राहून जातात.

बाहुली आपल्या हातून उतरून मुलाच्या हातात गेली म्हणजे खेळाचा दुसरा, आणि माझ्या मते अधिक मोलाचा, भाग सुरू होतो. तोपर्यंत तिच्या आडून मोठे माणूस बोलत होते. आता मूल बोलते, आणि मोठ्या माणसाला उत्तरे द्यावी लागतात. मोजा त्याच्या कोपरापर्यंत जातो, तोंड नीट उघडत नाही, बटणाचा एक डोळा आत वळतो, पण आवाज बदललेला असतो, आणि त्या आवाजात ते जे विचारील ते विचारण्याची त्याची स्वतःच्या आवाजात कधी प्राज्ञा झाली नसती. माझ्या वर्गातला एक मुलगा, ज्याची आजी नुकतीच गेली होती आणि जो त्याविषयी अवाक्षर काढीत नव्हता, भुऱ्याला हातात घालून माझ्यापुढे येऊन बसला. भुऱ्याने मला विचारले, ‘बाई, तुम्ही म्हाताऱ्या आहात का?’ मी म्हटले, होत चालले आहे. भुऱ्याने विचार केला. ‘मग तुम्ही पण जाणार?’ मी म्हटले, पुष्कळ वर्षांनी, पण हो. ‘आम्ही शाळेत असताना?’ नाही, मी म्हटले, असे सहसा होत नाही, तुमची शाळा माझ्या आधी संपेल असे मला वाटते. भुऱ्याने मान हलविली, मुलाने मोजा काढला, आणि तो शेजारच्या मुलीला दिला. कारण तिलाही मला काही विचारावयाचे होते, आणि तिच्या मागे आणखी दोघे जण रांगेत येऊन बसले होते.